स्क्रोल सॉ: नक्षीचा कागद कापताना सुटतो आणि कापून झाल्यावर निघत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधी थेट प्रश्न विचारते. लाकडावर चिकटवलेला नक्षीचा कागद शेवटची खिडकी (म्हणजे जाळीतलं आतलं भोक) कापून होईपर्यंत घट्ट राहावा आणि मग जाळी न मोडता निघावा, यासाठी तुम्ही नक्की काय वापरता?

स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली चालवून नक्षी कापणारी करवत, घेऊन आठ महिने झाले. सुरुवातीला साधे आकार कापले, तेव्हा कागदाने कधी त्रास दिला नाही. बाहेरून एक फेरी मारायची, कागद ओढून काढायचा, राहिलेलं पॉलिश पेपरने घासायचं. आता जाळीकामाला हात घातलाय आणि तिथे गाडी अडली आहे. तळहाताहून थोडं मोठं एक पान आहे, आत शिरांची जाळी. ६ मिमी बर्च प्लाय, २ नंबरचं बारीक ब्लेड, आतल्या खिडक्या ११२. मधल्या शिरा जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या. हे पान मी तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा ते कागदापायी बिघडलं.

पहिल्यांदा ग्लू स्टिक लावली. पहिली संध्याकाळ छान गेली. दुसऱ्या दिवशी बसले तर अरुंद जागांमधला कागद कडेने उचलला गेला होता. माझ्या ब्लेडला खालच्या टोकाशी उलटे दात आहेत, मागच्या बाजूला कुसळं येऊ नयेत म्हणून. ते वर येताना बारीक भुसा कागदाखाली ढकलतात, असं मला वाटतं. एकदा भुसा आत शिरला की तिथे कागद पुन्हा चिकटत नाही. तो ब्लेडबरोबर फडफडतो, रेषा डोळ्यांसमोर हलते, आणि हलणाऱ्या रेषेमागे हात गेला की शीर कापली जाते. माझी तशीच गेली.

दुसऱ्यांदा सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावला. कागद तसूभरही हलला नाही. पण निघेचना. ओल्या फडक्याने भिजवला तर वरचा थर लगद्यासारखा सुटला आणि खालचा लाकडालाच धरून राहिला. प्रिंट इंकजेटची होती, तिची शाई पाण्याने पसरून प्लायच्या तंतूंत उतरली. शिरा फुगल्या. एका शिरेवरचा कागद नखाने उचलला, पट्टी सरकन निघाली, आणि तिच्या खालच्या बाजूला लाकडाची पापुद्र्याएवढी चकती चिकटून आली. शीर तिथेच मोडली. ती चकती मी अजून डबीत ठेवली आहे.

तिसऱ्यांदा स्प्रे ॲडेसिव्ह, कायमच्या जोडासाठी असतं ते. मधे घरी कामं निघाली आणि अर्धवट पान दोन आठवडे तसंच पडून राहिलं. नंतर कागद काढायला गेले तर वरचा थर फाटून आला, खाली पांढरा चिकट लव राहिला. पॉलिश पेपरने घासला तर पेपरच दोन मिनिटांत गोंदाने भरून गेला. तरी चिकाटीने साफ केलं, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला, आणि पानभर फिकट डाग उठले. जिथे गोंद लाकडात मुरला होता तिथे रंग चढलाच नाही.

तर माझं विचारणं असं: हे तीन मार्ग चुकीचे आहेत, की मीच चुकीच्या पद्धतीने वापरले? आणि दुसऱ्या पानातून काही वाचवता येईल का? त्याच्यावर माझ्या चार संध्याकाळी गेल्या आहेत, फेकवत नाही.

प्रतिसाद १

ताई, फेकू नका, त्याबद्दल खाली कोणीतरी सांगेलच. मी नव्या पानाबद्दल लिहितो.

कागद थेट लाकडाला लावूच नका. आधी लाकडावर रंगाऱ्यांची मास्किंग टेप लावा, कमी चिकट असलेली निळी मिळते ती उत्तम. पट्ट्या एकमेकींना भिडवून लावा, मधे फट नको, एकावर एक जास्त चढवूनही नको. हाताने नीट दाबा. मग स्प्रे फक्त कागदाच्या पाठीवर मारा, साधारण २५ सेंटीमीटरवरून, एकच पातळ हात. लगेच चिकटवू नका. अर्धा ते एक मिनिट थांबा, बोट लावल्यावर चिकचिक लागली पण गोंद बोटावर आला नाही की तयार. गोंद टेपला धरतो, लाकडाला त्याचा स्पर्शही होत नाही. काम झालं की टेपसकट कागद सोलायचा. डाग पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

कठीण लाकडात, म्हणजे चेरी किंवा मेपलमध्ये, मी कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेपही लावतो. तिच्या पाठीवर एक निसरडा थर असतो, गुंडाळीत स्वतःला चिकटू नये म्हणून. माझ्या अनुभवात त्याने ब्लेड कमी तापतं आणि कापाची कड करपत नाही. तुमच्या बर्च प्लायला त्याची फार गरज नाही.

धागाकर्ती

खूप आभार. एक शंका आहे. दीड मिलिमीटरच्या शिरेवरून टेप सोलताना शीर टेपबरोबर येणार नाही ना? ११२ खिडक्या कापल्यावर टेप अखंड राहत नाही, तिचे बारीक बारीक धागे होतात.

प्रतिसाद २

तुमची शंका बरोबर आहे. टेप मोठ्या आणि मध्यम कामाला चांगली. एवढ्या नाजूक जाळीला मी ती वापरत नाही.

तिथे मी कागद थेट लाकडालाच लावतो, पण तात्पुरत्या जोडाच्या स्प्रेने, आणि काढताना मिनरल टर्पेंटाइन वापरतो. यात ओढायचं काहीच नसतं. फडक्याने किंवा ब्रशने कागदावर टर्पेंटाइन लावायचं, कागद पुरता भिजून पारदर्शक दिसायला लागेल इतकं. मग हात बाजूला ठेवून दोन मिनिटं थांबायचं. गोंद मऊ झाला की कागद आपणहून सैल होतो, चिमट्याने धरला तर पान गळावं तसा सुटतो. नाही सुटला तर ओढायचं नाही, पुन्हा ओला करायचा. खाली राहिलेला चिकटपणा स्वच्छ फडक्याने, नवीन टर्पेंटाइन घेऊन पुसायचा. पाण्याने लाकडाचे तंतू फुगतात तसे याने फुगत नाहीत, म्हणून शिरा ताठ राहतात. वरून पॅकिंग टेप लावली असेल तर ती आधी काढावी लागते, कारण तिच्यातून टर्पेंटाइन आत जात नाही.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. आणि भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका, बाहेर पसरून पूर्ण वाळू द्या.

हा उपाय स्प्रेच्या आणि रबरी गोंदाला चालतो. पांढऱ्या गोंदावर टर्पेंटाइनचा काही परिणाम होत नाही, तिथे वेळ घालवू नका. आणि कोणताही स्प्रे असो, कागद लावला की चार-पाच दिवसांत काम संपवा. तुमचे ते दोन आठवडे महागात पडले, गोंद जितका जुना तितका हट्टी.

प्रतिसाद ३

हेअर ड्रायर. गरम हवा दिली की स्प्रेचा गोंद सैल होतो. एका जागी धरून ठेवू नका, फिरवत राहा. पातळ प्लाय असेल तर जपून.

प्रतिसाद ४

सगळे चिकटवण्याबद्दल बोलताहेत, पण पहिल्या पानाचा कागद सुटला त्याचं कारण मला चिकटवण्याच्या आधीचं वाटतं. ताई, लाकूड घासून मग भुसा पुसला होतात का? नुसतं झटकून चालत नाही. प्लाय कापायच्या आधीच २२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून घ्या, ब्रशने झाडा, मग किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. भुशाच्या थरावर गोंद लावला तर तो भुशाला चिकटतो, लाकडाला नाही. आधीच घासून ठेवण्याचा आणखी एक फायदा, कापून झाल्यावर नाजूक जाळीवर पॉलिश पेपर फिरवावा लागत नाही. बऱ्याच शिरा खरं तर तिथेच मोडतात.

ग्लू स्टिक वाईट नाही. पण ती वाळली की ठिसूळ होते, त्यामुळे एका बैठकीत संपणाऱ्या कामालाच ठेवा.

आणि प्रिंट शक्य असेल तर लेझरची घ्या. टोनर पाण्याने पसरत नाही.

प्रतिसाद ५

दुसऱ्या पानाबद्दल. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळला तरी गरम पाण्याने मऊ पडतो, थोडं व्हिनेगर घातलं तर आणखी लवकर. पण पान बुडवू नका, प्लायचे थर सुटतील. फडकं गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि फक्त कागदावर पाच मिनिटं पसरून ठेवा. मग प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा, नखाने किंवा सुरीने नाही. शिरेच्या लांबीच्या दिशेने, जिथे ती जाड भागाला जोडली आहे तिथून सुरुवात करून मोकळ्या टोकाकडे. आडवं खरवडलं की मोडलीच समजा. एका वेळी दोन-तीन शिरा पुरे. झालं की दोन सपाट फळ्यांमध्ये कोरडा कागद घालून वर वजन ठेवा आणि रात्रभर वाळू द्या, नाहीतर पान वाकेल.

डबीतली ती चकती ठेवलीत हे फार बरं केलंत. टूथपिकच्या टोकाने गोंदाचा थेंब लावून ती जागच्या जागी बसवा. शाईचा डाग मात्र जाणार नाही, तिथे गडद रंग देऊन झाकावा लागेल.

तिसऱ्या पानासारखे डाग टाळायचे तर रंग देण्याआधी एकदा सगळीकडे टर्पेंटाइनचा हात फिरवून बघा. ओलं असताना जिथे गोंद उरलाय ती जागा वेगळी दिसते. तेवढीच पुन्हा साफ करा, पूर्ण वाळू द्या, मगच स्टेन.

प्रतिसाद २

एक राहिलं. बाहेरची कड सर्वांत शेवटी कापा, आणि शक्य असेल तर ती कापण्याआधीच जाळीवरचा कागद काढून घ्या. पान चौकोनी तुकड्यात अडकलेलं असतं तेव्हा त्याला चारही बाजूंनी आधार असतो. बाहेरच्या रेषेवरचा कागद तेवढा राहू द्या.

धागाकर्ती

मंडळी, चार दिवस प्रयोग केले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

टाकाऊ प्लायच्या एकाच तुकड्यावर अर्ध्या भागात टेप आणि स्प्रे, अर्ध्या भागात नुसता तात्पुरता स्प्रे लावला. दोन्हीकडे तीच जाळी, प्रत्येकी १५ खिडक्या. कापताना कागद दोन्हीकडे पक्का राहिला. खरं सांगायचं तर भुसा मी आधी नुसता फुंकून उडवत होते, ती चूक कळली.

काढताना फरक दिसला. तीन मिलिमीटरच्या वर जाड असलेल्या शिरांवरून टेप सुरेख निघाली, लाकूड अगदी कोरं. दीड मिलिमीटरच्या शिरांवर मात्र एकेक धागा चिमट्याने पकडावा लागला आणि दोन शिरा हलल्या. टर्पेंटाइनच्या बाजूला कागद ओला केल्यावर आधी तो राखाडी झाला, मग खालचे लाकडाचे तंतू त्यातून दिसायला लागले, आणि एका कोपऱ्यातून कागदाची जाळी अखंड वर आली. फाटली नाही. मी ती वाळवून वहीत ठेवली आहे. एकही शीर मोडली नाही. स्टेनही लावून पाहिला, रंग सगळीकडे सारखा चढला.

प्रतिसाद ५ चे विशेष आभार. दुसऱ्या पानाच्या निम्म्या शिरा साफ झाल्यात. चकती बसली, जोड जवळून पाहिला तरच दिसतो.

नवं पान घेतलंय. लेझर प्रिंट, तात्पुरता स्प्रे, बाहेरची कड शेवटी. आज ४० खिडक्या झाल्या, कागद कुठेही उचललेला नाही. उरलेल्या ७२ चार दिवसांत संपवायच्या आहेत. कागद काढताना काही अडलं तर इथेच लिहीन.