पहिला कुत्रा आणि 'डोळे झाकून लॅब घ्या'

पेठकर
परवा इथं एकीनं विचारलं होतं, "पहिल्यांदाच कुत्रा पाळतोय, वन बीएचके आहे, दोघंही नोकरीला, कुठला घ्यावा?" त्यावर 'लॅबची आई' यांचं उत्तर: "डोळे झाकून लॅब घ्या. नवख्यांसाठीच देवानं घडवलाय." खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमचा ढोल्या लॅबच, म्हणजे लॅब्राडोरच होता. "हेवी बोन, पंच फेस, विदाऊट पेपर" (म्हणजे जाड हाडाचा, चपट्या तोंडाचा, वंशावळीच्या दाखल्याविना) अशी जाहिरात बघून आणला. जेमतेम तीस दिवसांचं पिल्लू, मिठाईच्या खोक्यात मावेल एवढं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही असा केंद्राचा 2017 चा नियम आहे, हे मला ढोल्या गेल्यावर कळलं. त्याचे आई-बाप पाहिले नाहीत. खुब्याचं दुखणं रक्तातून येतं, म्हणून त्यांच्या खुब्यांचा एक्स-रे मागायचा असतो हे तर आमच्या गावीही नव्हतं. पहिल्या दीड वर्षात त्यानं सोफ्याचा एक हात, आईची जपमाळ आणि भिंतीचा कोपरा खाल्ला. तेही चालवून घेतलं.

सातव्या वर्षी मागचे पाय गेले. सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. छत्तीस किलोचं धूड. पोटाखालून सतरंजी घालायची, पुढून मी धरायचं, मागून भावानं. चोपन्न पायऱ्या खाली, चोपन्न वर, रोज दोन वेळा, दोन वर्षं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याची नखं भिंतीला घासायची. ते ओरखडे अजून तसेच आहेत, रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडायला लावला.

तर बाई, आधी तुमचा जिना मोजा. लॅबचा विचार नंतर.

लॅबची आई
अहो पेठकर, जिन्याचा राग लॅबवर का काढताय? पिल्लू तुम्ही आणलंत डोळे झाकून आणि बोल मला लावताय! आमची साय सहा वर्षांची आहे. घरात सासूबाई आणि पावणेतीन वर्षांचं पोर. ते तिच्या कानात बोट घालतं, ही उठून दुसरीकडे जाऊन बसते, बस. गुरगुरणं माहीत नाही. अंधांना वाट दाखवायला लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर निवडतात ते काय उगाच?

पेठकर
त्या कुत्र्यांना निवडून, पारखून, वर्ष-दीड वर्ष शिकवतात, तरी बरेच नापास होतात. आपण संध्याकाळी सातला घरी येऊन "बस" म्हणणार. आणि खादाडपणाचं काय? केंब्रिजच्या लोकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये जनुकाचा एक तुकडाच गायब असतो, त्यामुळे त्याची भूक भागत नाही. असा कुत्रा दिवसभर एकटा, भरीला जाता-येता बिस्किट देणारे आजी-आजोबा. दोन वर्षांत पिंप होतो. सायचं वजन किती ते सांगा, मग बोलू.

माळरान
मंगळवेढ्याकडचा आहे. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या कारवानी (मुधोळ हाउंड, शिकारी कुत्र्यांची जात) आहेत, धनगरवाड्यावर जन्मलेल्या. केस गळत नाहीत म्हटलं तरी चालेल, उन्हाचा त्रास नाही, डॉक्टरचं तोंड वर्षातून एकदा, लशीपुरतं. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला जोडी भेट दिली ती याच रक्ताची. पण 2020 साली 'मन की बात'मध्ये नाव आलं आणि पुण्या-मुंबईचे लोक गाड्या घेऊन यायला लागले. एक साहेब तर म्हणाले, "शेपटीला केस असलेली दाखवा." पश्मी, म्हणजे त्यातली केसाळ, हवी होती, नाव ठाऊक नव्हतं.

मी कुणालाच दिली नाही. ते जनावर ससा दिसला की मालकाचा बाप हाक मारत असला तरी थांबत नाही. ओरडलात तर दोन दिवस तोंड फिरवून बसतं. त्याला रान पाहिजे, तुमची बाल्कनी नको. देशी घ्या देशी घ्या म्हणणाऱ्यांनी हेही लिहावं.

खडूस काका
केवढी ही थेरं! आमच्या वाड्यात मोती होता. जात विचारायची कुणाची टाप नव्हती, त्यालाही माहीत नसावी. चौदा वर्षं जगला, दहीभातावर. सणावाराला पुरणपोळी. ना किबल म्हणतात ते पाकिटातलं कोरडं खाणं, ना ग्रूमिंग. शाकाहारी घरात कुत्रा कसा पाळायचा म्हणून आता चर्चासत्रं भरवतात!

नेहमीची वाचक
काका, मोती रात्री कुठं असायचा ते कुणी पाहिलं होतं? चार घरं सोडून रविवारी मटण शिजत असणारच.

खडूस काका
आमच्या मोतीच्या चारित्र्यावर शिंतोडे नकोत.

नेहमीची वाचक
चारित्र्य सोडा, प्रथिनं कुठून आली ते सांगा. भात कुत्र्याला पचतो हे कबूल. 2013 च्या संशोधनात दिसलंच आहे की पिष्ट पचवणारी जनुकं लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त. म्हणून वाढत्या पिल्लाला नुसत्या दहीभातावर ठेवायचं? आमच्या शेजारी बीगल होता, घर कडक शाकाहारी. आठव्या महिन्यात पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. डॉक्टरांनी अंडं सांगितलं तर आजी म्हणाल्या, "बाहेर जिन्यात द्या, वेगळ्या ताटलीत." तो जिन्यातच वाढला बिचारा.

खडूस काका
बीगल विलायती. पोटही विलायती.

लॅबची आई
पोळी-दुधाचं काय मग? साय पोळीशिवाय ऐकतच नाही. दुधानं पोट बिघडायचं, आता ताकात कुस्करते.

नेहमीची वाचक
पोळी थोडी चालेल. बेदाणे मात्र चुकूनही नकोत. सत्यनारायणाच्या दिवशी आमच्या ब्रूनोनं प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. पाहुणे हसत होते. मी डॉक्टरांना सहज फोन केला तर म्हणाले, "बेदाणे होते? आत्ता, याच पावली निघा." पूजेची साडी नेसून मी रिक्षात, मांडीवर ब्रूनो. उलटी काढली, दोन दिवस सलाइन, मूत्रपिंडं वाचली. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट: फ्रिजवर यादी लावा. रस्सा-भात घालणाऱ्यांनीही, रश्श्यात कांदाच असतो.

खडूस काका
आमच्याकडे शिऱ्यात काजू असत. असो. हे माहीत नव्हतं. मोतीचं दैव चांगलं म्हणायचं, आणखी काय.

सातासमुद्रापार
मूळ प्रश्न राहूनच गेला. आमच्याकडे टोरोंटोला मी तीन वर्षांची कुत्री शेल्टरमधून आणली. स्वभाव, आकार, आजार, सगळं आधीच कळलेलं. पिल्लूच हवं हा हट्ट सोडला तर निम्मी भांडणं मिटतील.

माळरान
तुमच्याकडे बर्फात हस्की फिरतो म्हणून इथले लोक चाळीस डिग्रीत हस्की घेतात आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी लावतात. तिकडचं तिकडेच ठेवा.

सातासमुद्रापार
हस्कीचं नाव मी घेतलं का? मोठा कुत्रा दत्तक घ्या म्हटलं. पुण्यातही मिळतात, देशी तर कितीतरी.

पेठकर
हे मात्र पटलं. नोकरी करणाऱ्या जोडप्यानं दोन-तीन वर्षांचा, पंधरा-अठरा किलोचा देशी घ्यावा. पट्टा माहीत असलेला. फटाक्यांना घाबरेल, आठवडाभर कॉटखाली बसेल, तेवढं सोसा. लॅबवाल्यांचे बदाम मिळणार नाहीत, चालेल.

लॅबची आई
बसा तुमचे देशी कवटाळून. मी माझं मत बदललेलं नाही. मूळ प्रश्नातल्या ताईंना लिफ्ट आहे, विचारलंय मी. दिवसभर घरी कुणी नसतं हे वाचायचं राहिलं होतं, तेवढ्यापुरतं मागे घेते.

आणि वजन विचारलंत ना? एकोणचाळीस. गेल्या महिन्यापासून गाडीतून उतरताना थांबते, मी उचलायची वाट बघते. मला वाटलं, लाड आहेत.

पेठकर, ती सतरंजी किती बाय किती होती?

पेठकर
तीन बाय पाच. कडा दुमडून शिवून घ्या, नाहीतर पोटाला काचतात. पण ते नंतर. आधी एक्स-रे काढा, या आठवड्यात. आणि पोळी बंद.