आधी ग्रिड किती मोठं ते बघा

कोळशाच्या वीज केंद्रांऐवजी अणुवीज आणायची म्हटलं की काही जण म्हणतात, अणुवीज केंद्रातही शेवटी वाफेवर टर्बाइनच फिरतं, मग कोळशाचा वीजनिर्मिती संच काढून तिथे अणुभट्टी जोडली की झालं. टर्बाइनपुरतं खरं आहे. ग्रिडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या, बाजूने मात्र नाही.

मोठा संच ट्रिप झाला (अचानक बंद पडला) की तेवढी वीज एका क्षणात जाते आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची कंपनसंख्या) घसरते. म्हणून एकच संच ग्रिडच्या साधारण १० टक्क्यांहून मोठा नसावा, असा ढोबळ नियम पाळतात. ५००० मेगावॉटच्या ग्रिडवर १००० मेगावॉटची भट्टी टाकायची तर राखीव वीज कुठून आणणार, हे आधी ठरवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे केंद्राला ग्रिडकडून वीज घ्यावीही लागते. भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद होताक्षणी पूर्ण औष्णिक शक्तीच्या (भट्टीत तयार होणाऱ्या एकूण उष्णतेच्या) ६-७ टक्के उष्णता निघत असते. ३००० मेगावॉट औष्णिक शक्तीची भट्टी धरली तर हे जवळजवळ २०० मेगावॉट झाले! ती काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. २०११ साली फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले. त्यामुळे केंद्राला एकाहून जास्त स्वतंत्र लाइन असाव्याच लागतात, त्याही शक्यतो वेगळ्या मार्गांनी.

मागणीनुसार भट्टी कमी-जास्त करता येते. फ्रान्स ते करतोच. फक्त शक्ती झटकन उतरवली की झेनॉन (भट्टीतली साखळी प्रक्रिया दाबणारा वायू) साठतो आणि पुढचे काही तास पुन्हा वर चढणं अवघड होतं, विशेषतः इंधन संपत आलेलं असताना.