गुळवेलीचा काढा रोज घेणं थांबवा असं माझं स्पष्ट मत आहे

कोथरूडकर:
आमच्या सोसायटीत कडुनिंबावर गुळवेल चढलीये, कोविडपासून चार-पाच घरं रोज सकाळी बोटभर कांडं ठेचून काढा घेतात, त्यात माझी आईपण, वय ६८, शुगरची गोळी चालू. परवा रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) चांगलंच वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गुळवेल घेता का? मी घरी येऊन वाचत बसलो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला त्रास झालेले ६ पेशंट नोंदवले, पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ सेंटरमधले ४३. घरचं आहे म्हणून वर्षानुवर्षं ढोसणं बंद करा, कळकळीने सांगतोय.

वैद्य_सदाशिवपेठ:
आईंची काळजी समजते, पण सरसकट बंद करा हे मला अजिबात पटत नाही. हिला अमृता म्हणतात, जुनाट ताप, वातरक्त म्हणजे गाउटसारखी सांधेदुखी, यात आम्ही ती पिढ्यानपिढ्या वापरतोय. मुंबईचे ते ६ पेशंट आले तेव्हाच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की त्यांनी नेमकं काय खाल्लं हे तपासलंच नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची हिची बहीण आहे, तिच्या खोडावर गाठी-गाठी असतात, तोडली की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला पातळ कागदासारखी साल, खाली हिरवं, चीक नाही, पानं हृदयाच्या आकाराची. रविवार पेठेत वाळकी कांडं घेताना हे कोण बघतं?

कोथरूडकर:
पण ४३ जणांच्या अभ्यासात पेशंटकडचे नमुने मिळवून केमिकल तपासणी केली होती ना वैद्यसाहेब, मग दरवेळी बहिणीवर कसं ढकलायचं? आणि आमची वेल मी आत्ता खाली जाऊन बघून आलो, गाठी नाहीत, चीक नाही. म्हणजे खरीच आहे.

फार्मसीवाली_औंध:
मला वाटतं ओळख चुकली का यावरच भांडून मुद्दा सुटतोय. गुळवेलीत बर्बेरिन, मॅग्नोफ्लोरिन, कडू डायटर्पिन अशी रसायनं आहेत, शिवाय पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, जी इम्यून पेशींना चेतवतात, इम्युनिटी वाढते म्हणतात ती हीच. त्या ४३ मध्ये बऱ्याच जणांना ऑटोइम्यूनसारखी हिपॅटायटिस दिसली, म्हणजे शरीराची इम्युनिटी स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तशी सूज. म्हणून थायरॉइडचा हाशिमोटो, संधिवात, सोरायसिस असलेल्यांनी किंवा ट्रान्सप्लांटच्या गोळ्या चालू असलेल्यांनी स्वतःच्या मनाने हात लावू नये, वेल कितीही अस्सल असो. आणि काकूंची शुगरची गोळी चालू आहे, गुळवेलपण शुगर उतरवते, दोन्ही मिळून ती फार उतरू शकते, चक्कर-घाम-थरथर होते का ते आधी विचारा.

वैद्य_सदाशिवपेठ:
शुगरचा मुद्दा मान्य. मी स्वतः दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त देत नाही आणि नाडी, इतिहास, चालू औषधं बघितल्याशिवाय तर नाहीच. पण मग दोष रोज मनाने घेण्याचा आहे, वनस्पतीचा नाही, तुमच्या शीर्षकात मात्र ती आरोपी झालीये.

कोथरूडकर:
शीर्षक बदलणार नाही, त्यात रोज हा शब्द आहेच. आईला विचारलं, सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरतात म्हणाली, महिनाभर सांगितलंच नव्हतं. काढा बंद केलाय, उद्याच डॉक्टरांना फोन करतो.