मृत्युपत्राचा ‘व्यवस्थापक’ की ‘निष्पादक’?

प्रश्न : माझ्या दिवंगत काकांच्या मराठी मृत्युपत्रात “माझ्या पश्चात या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून माझा पुतण्या काम पाहील” असे वाक्य आहे. न्यायालयात द्यावयाच्या अर्जाच्या मराठी तर्जुम्यात माझा उल्लेख ‘निष्पादक’ असा केला आहे, वकीलसाहेब बोलताना ‘एक्झिक्युटर’ म्हणतात आणि नातेवाईक मला ‘ट्रस्टी’ समजतात. हे सारे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर लेखनात कोणता वापरावा?

उत्तर : पहिले तीन शब्द एकाच भूमिकेसाठी वापरले जातात, चौथा नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येनुसार, मृत्युपत्रकर्त्याने स्वतः नेमणूक करून आपल्या अखेरच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी जिच्यावर सोपवली ती व्यक्ती म्हणजे एक्झिक्युटर. असे कोणी नसताना सक्षम अधिकाऱ्याने नेमलेल्या व्यक्तीस मराठीत ‘प्रशासक’ म्हणतात. हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे निवडणुका रखडलेली महानगरपालिका उभी राहते, त्याला इलाज नाही. ट्रस्टी म्हणजे विश्वस्त हा मालमत्ता दीर्घकाळ सांभाळू शकतो, तर एक्झिक्युटरचे काम देणी फेडून आणि ज्याचे त्याला देऊन संपणारे असते.

‘निष्पादक’ या शब्दाची अडचण अशी की ‘दस्त निष्पादित करणे’ म्हणजे त्यावर सही करून तो विधिवत पूर्ण करणे, हा अर्थ सरकारी मराठीत आधीपासून रूढ आहे. त्या अर्थाने मृत्युपत्राचे निष्पादन खुद्द मृत्युपत्रकर्ता हयातीत, किमान दोन साक्षीदारांच्या साक्षांकनासह करतो. त्याच मृत्युपत्राचा निष्पादक मात्र वेगळाच माणूस निघतो आणि तो मृत्यूनंतर कामाला लागतो. जुन्या व्यवहारी मराठीने हा घोळ होऊ दिला नव्हता. दस्त ‘करून दिला’ जातो (नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनवर आजही “दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक” असाच रकाना असतो), न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ‘दरखास्त’ चालते आणि मृत्युपत्राची ‘अंमलबजावणी’ होते. इंग्रजी कायदा या तिन्ही ठिकाणी एक्झिक्युशन हा एकच शब्द वापरतो, म्हणून मराठीनेही एकच वापरावा असे बंधन नाही.

‘व्यवस्थापक’ हा शब्द सोपा असला तरी तो कमी सांगतो. व्यवस्थापक दुसऱ्याच्या मालमत्तेची देखरेख करतो. येथे मात्र कलम २११ नुसार मृताची मालमत्ता त्याचा कायदेशीर प्रतिनिधी या नात्याने एक्झिक्युटरकडेच निहित होते, म्हणजे येणे वसूल करणे किंवा दावा लावणे ही कामे तो स्वतःच्या नावे करू शकतो. तरीही ती मालमत्ता त्याच्या उपभोगाची नसते आणि ती गैरमार्गाने खर्ची घातल्यास नुकसान त्याला पदरचे भरून द्यावे लागते. ‘मुखत्यार’ म्हणणे तर सपशेल चूक आहे, कारण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि एक्झिक्युटरचा अधिकार तेथून सुरू होतो. मी स्वतः ‘मृत्युपत्राचा अंमलबजावणीकर्ता’ असे लिहितो. शब्द लांब आहे, पण त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

पुरवणी प्रश्न : भावंडे मला “आमची वाटणी करून टाक” असे सांगत आहेत. येथे ‘वाटणी’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : बोलण्यात चालेल, लिहिण्यात नको. वाटणी ही सहहिस्सेदार आपापल्या मूळ हक्काने करतात आणि तिचे वाटणीपत्र होते. अंमलबजावणीकर्ता करतो ते ‘वाटप’, आणि तेही मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे. भावंडांना वेगळे प्रमाण हवे असेल, तर ज्याला जे मिळाले त्याने नंतर हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करावे. पुतण्याने स्वतःच्या न्यायबुद्धीने आकडे बदलू नयेत.

त्याहून महत्त्वाचे असे की ‘वाटणे’ हे या कामातले शेवटचे क्रियापद आहे. त्याआधी ‘गोळा करणे’ आणि ‘फेडणे’ येते. ऐपतीला साजेसे अंत्यविधी करण्यासाठी मृताच्या मालमत्तेतून पैसा उपलब्ध करून देणे हे अंमलबजावणीकर्त्याचे कर्तव्य आहे. फेडण्याचा क्रमही कायद्याने लावून दिला आहे : प्रथम अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजारपणातील औषधोपचाराचा खर्च, मग प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) मिळवण्याचा खर्च, त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजूर, कारागीर किंवा घरगड्याचे थकलेले वेतन, आणि मग इतर कर्जे. काकांकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा थकलेला पगार हातउसन्या रकमांच्या आधी येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. देणगीचा, म्हणजे मृत्युपत्राने ज्याला जे द्यायचे त्याचा, क्रमांक कर्जांनंतरचा. ज्यांचे देणे आहे त्यांना ताटकळत ठेवून दागिने वाटले, तर त्याचा जाब अंमलबजावणीकर्त्याला विचारला जातो.

घाई करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. मृत्यूपासून एक वर्ष पुरे होईपर्यंत देणग्या देण्याचे बंधन अंमलबजावणीकर्त्यावर नसते, मग मृत्युपत्रात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरीही (कलम ३३७). प्रोबेट मिळाल्यावर मात्र त्याच्याही डोक्यावर मुदत असते : सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो.

एका वाचकाची भर : ‘इस्टेट’ या शब्दाबद्दलही लिहावे. मराठीत “बापाची इस्टेट” म्हटले की केवळ जमीनजुमला आणि पैसाअडका डोळ्यांपुढे येतो, पण या संदर्भात मृताचे देणेही तिच्यातच मोजले जाते. जुन्या कागदांत यासाठी ‘जिंदगी’ किंवा ‘जिनगी’ असा शब्द आढळतो (“स्थावर-जंगम जिंदगी”). आज तो हिंदी चित्रपटगीतांमुळे दुसऱ्याच अर्थाने कानावर पडतो, म्हणून पुन्हा रूढ करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

गोव्यातून आलेली भर : आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा असल्यामुळे शब्दांची गणिते बदलतात. ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे तुमच्या लेखी मालमत्तेची यादी. गोव्यात मात्र त्या नावाने वारसांमधील संपूर्ण वाटपाची न्यायालयीन कार्यवाही ओळखली जाते. मुलेबाळे असताना मृत्युपत्राने अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते, उरलेली अर्धी त्यांची राखीव. त्यामुळे गोव्यातील प्रकरणाविषयी लिहिताना महाराष्ट्रातील मृत्युपत्राची भाषा जशीच्या तशी उचलू नये.

मूळ प्रश्नकर्ता : मृत्युपत्रात ‘व्यवस्थापक’ लिहिले आहे, ‘एक्झिक्युटर’ नाही. त्यामुळे नेमणूक बाधित होते का?

उत्तर : केवळ शब्दामुळे होत नाही. नेमणूक स्पष्ट शब्दांत असू शकते किंवा मजकुरातून अपरिहार्यपणे निघणारीही असू शकते, असे कलम २२२ सांगते. “माझी देणी फेडून उरलेली रक्कम खालीलप्रमाणे द्यावी, आणि हे काम पुतण्याने करावे” इतके लिहिलेले असले, तरी पदनामावाचून भूमिका ठरू शकते. म्हणून पदनामापेक्षा मृत्युपत्राच्या पुढील कलमांत कोणती कामे सोपवली आहेत हे वकिलांना दाखवावे, आणि अर्जाच्या तर्जुम्यात “मृत्युपत्रात ‘व्यवस्थापक’ असा उल्लेख असलेला अंमलबजावणीकर्ता” असे एकदा लिहून पुढे तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा. नव्याने मृत्युपत्र करणाऱ्यांनी “या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजेच अंमलबजावणीकर्ता, म्हणून मी अमुक यांना नेमत आहे, ते हयात नसल्यास अथवा त्यांनी नकार दिल्यास तमुक यांना” असे वाक्य घालावे. त्यातला उत्तरार्ध बहुतेक जण विसरतात, आणि नेमलेल्या माणसाला नकार देण्याची मोकळीक कायद्याने दिलेली आहे.