लहान बोटीत जादा पेट्रोल कसं न्यावं? (दाभोळ ते गोवळकोट, जाऊन-येऊन)

पाथर्डी_फाटा
नमस्कार मंडळी. माझी चौदा फुटी फायबरची बोट आहे, 9.9 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन आणि त्यासोबत आलेली 12 लिटरची सुटी टाकी. आतापर्यंत छोट्या फेऱ्याच केल्या. दिवाळीनंतर मी, मेव्हणा आणि भाचा मिळून नाशिकहून बोट ट्रेलरवर नेऊन दाभोळला उतरवणार आणि वाशिष्ठी खाडीतून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जाऊन परत येणार. एका बाजूचं अंतर साधारण 45 किलोमीटर. एवढ्याला 12 लिटर पुरणार नाही हे दिसतंय. मेव्हणा म्हणतो घरात गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन पडलेत, इथूनच भरून नेऊ. माझं मन घेत नाही. किती न्यावं, कशात न्यावं, बोटीत कुठे ठेवावं?

सातपूरचा_फिटर
दादा, तुमचं मन बरोबर सांगतंय. तेलाचे कॅन अजिबात नकोत. त्यांचं प्लॅस्टिक पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं आणि झाकण वाफ धरत नाही. शिवाय पेट्रोलियम कायदा, 1934 प्रमाणे विनापरवाना पेट्रोल जवळ ठेवायचं तर एकूण 30 लिटरपर्यंत, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, एक डबा जास्तीत जास्त 25 लिटरचा. नोंदणी केलेल्या बोटीच्या इंजिनाला जोडलेल्या टाकीतलं यात धरत नाहीत.

आता किती ते. 9.9 चं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला ताशी 4 लिटरच्या आसपास पितं. तिघं आणि सामान घेऊन बोट ताशी 15 किलोमीटर पळाली तर 90 किलोमीटरला 6 तास, म्हणजे 24 लिटर. पण बोटीत हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा करायचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. म्हणजे 36 लिटर. 12 ची टाकी आणि 25 चं दुसरं भांडं, बसतं बरोबर.

माझ्या आकड्यावर मात्र विसंबू नका, तुमच्या इंजिनाचा खप तुम्ही काढा. भरलेली टाकी ताणकाट्याला लटकवून वजन लिहा, तिघं बसून तासभर चालवा, परत वजन करा. 3 किलो कमी झालं तर 4 लिटर गेलं असं समजा. इंजिनाच्या पुस्तकातला आकडा तुमच्या बोटीचा नसतो.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे: पाण्यावर पेट्रोल ओतायची वेळच येऊ देऊ नका. हलत्या बोटीत, तापलेल्या इंजिनाशेजारी नरसाळं धरून ओतताना सांडतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, फळ्यांखाली तळाशी साचून राहते आणि बॅटरीच्या एका ठिणगीची वाट बघते. म्हणून कॅन नको, त्याच जोडणीची दुसरी टाकी घ्या. पहिली संपत आली की इंजिन बंद, पाइपचा खटका काढून दुसरीला लावा, पाइपवरचा पेट्रोल ओढायचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, चालू. एक थेंब सांडत नाही. धातूचा डबा फक्त पंपापासून जेट्टीपर्यंत. दोन्ही टाक्या जमिनीवर ठेवून भरा, मगच बोटीत चढवा.

गळ्यापर्यंत भरू नका. 25 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं की जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. आणि ही टाकी मागे इंजिनाजवळ ठेवू नका. पेट्रोलच 18 किलोच्या वर भरतं, तुम्हीही मागेच बसणार, नाक वर उचललं की बोट पाणी ढकलत राहते आणि खप वाढतो. मधल्या फळीच्या पुढे, पट्ट्याने आवळून, वर ओलं गोणपाट. पावडरचा अग्निशामक मात्र हाताशी, टाकीच्या पलीकडे नाही.

इंदिरानगर_माहेर_गुहागर
पेट्रोल नाशिकहून कशाला वाहताय? कसारा घाट उतरून कोकणातल्या उन्हात बंद डबा गाडीत, बंद काचा, सोबत मूल. दापोलीला किंवा चिपळूणला पंप आहेत, तिथे भरा. भरताना डबा गाडीतून काढून जमिनीवर ठेवायचा आणि नोझल तोंडाला टेकवूनच धरायचा, स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. दाभोळहून भरतीसोबत सुटा, पूर्ण भरतीच्या सुमाराला वर पोचाल असं धरा आणि ओहोटी लागली की लगेच फिरा. पाणी पाठीशी असलं की पेट्रोल वाचतं. वर रेंगाळलात तर गाळात रुताल आणि वरच्या भागात मगरी आहेत, उतरून बोट ढकलायचा विचारही नको.

खरी परीक्षा परतीच्या शेवटच्या टप्प्यात. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि दुपारचा समुद्रावरचा वारा आत येतोय, त्यामुळे मुखाकडे लाटा आखूड आणि उभ्या होतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या लाटाही तिथेच. तुमची बोट निम्म्या वेगावर येईल. फिटरभाऊंनी सांगितलेला शिल्लक हिस्सा तिथे लागतो, गोवळकोटला नाही.

गंगापूर_रोड_22
एक राहिलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतून पाणी ओढतं. महिनोन्‌महिने टाकीत पडलेलं जुनं पेट्रोल घेऊन खाडीत जाऊ नका. पाणी वेगळं करणारा फिल्टर पाइपवर बसवून घ्या.

पाथर्डी_फाटा
मनापासून आभार. दुसरी टाकी बघायला लागलो. मेव्हण्याला हा धागा वाचून दाखवला, कॅन रद्द. एकच शंका: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा ठेवायचा की बंद?

सातपूरचा_फिटर
जी टाकी इंजिनाला जोडली आहे तिचा उघडा, नाहीतर आत पोकळी होऊन इंजिन गुदमरून बंद पडेल. दुसरीचा घट्ट बंद. टाकी बदलताना दोन्ही स्क्रू उलटे करायचे, हे काम भाच्याकडे द्या आणि निघण्याआधी जेट्टीवर त्याच्याकडून करून घ्या.