नाशिकरोडला शिफ्ट होतोय, जेल रोड की एकलहरे? एरिया खरंच बदलतोय का?

मनीषा_कल्याणकर
नमस्कार. मिस्टरांना सिन्नरला मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत जॉब लागलाय, मुलीची पहिलीची शाळा जूनला सुरू होणार त्याआधी कल्याण सोडायचंय, सोबत सासूबाई आहेत. एजंटने दोन जागा दाखवल्या, एक जेल रोडला जुन्या सोसायटीत, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत म्हणे, आणि दुसरी एकलहरे रोडला नवीन स्कीम, तिथे रेट बराच कमी आहे. दोन्हीकडे ऐकवतात तेच, की नोटांची प्रेस आणि एकलहरेच्या पॉवर हाऊसचा जुना भाग आता पूर्ण बदलणार, मेट्रो येणार, पुण्याची फास्ट ट्रेन येणार, आत्ताच घ्या. पण प्रेसच्या कामगारांची नेहरूनगरची ओसाड क्वार्टर्स, फुटलेल्या खिडक्या, वाढलेलं गवत बघितलं आणि मन कचरलं. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलीला घेऊन यायचंय, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

प्रेसची_पोर
ताई, माझे वडील करन्सी नोट प्रेसमध्ये होते आणि मी त्याच नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रेस बंद पडलेली नाहीये. 1928 ला इथे 5 रुपयांची नोट छापली तेव्हापासून काम चालूच आहे, शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापतात. माणसं मात्र कमी झाली, मशिनी आल्या आणि पूर्वीसारखी भरती राहिली नाही, त्यात रिटायर झालेल्यांनी उपनगर, जेल रोड, जय भवानी रोडला स्वतःची घरं बांधली आणि क्वार्टर्स रिकामी पडत गेली. तुम्ही जे ओसाड बघितलंत ती माणसं दोन किलोमीटरवर राहतायत, कुठे गेली नाहीत. म्हणून तुमच्या सासूबाईंसाठी मी जेल रोडच सांगेन, आमच्या गल्लीत अजून कोणाकडे आजारपण असलं की डबा पोचतो, बिटको हॉस्पिटल जवळ आहे, आणि कल्याणला जायचं झालं तर सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. क्वार्टर्सच्या बाजूला अंधार पडल्यावर मुलीला एकटी सोडू नका तेवढं, जय भवानी रोड, आर्टिलरी सेंटरच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत असतात.

सिन्नरफाटा_77
वहिनी, मेट्रो आणि ट्रेनच्या नावावर एक रुपया जास्त देऊ नका. मेट्रो निओला, म्हणजे नाशिकच्या टायरवर चालणाऱ्या मेट्रोला, 2021 च्या केंद्राच्या बजेटमध्ये 2092 कोटी जाहीर झाले होते, तेव्हापासून ब्रोशरवर मेट्रो आहे, रस्त्यावर खांब नाही. पुणे रेल्वेचा जुना मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडला आणि मग शिर्डीवरून न्यायचं ठरलं. सिंहस्थामुळे रस्त्यांची कामं निघालीत ती खरी आहेत पण ती तुमच्या बिल्डरने केलेली नाहीत. दुसरं म्हणजे एकलहरे मनपाच्या हद्दीत नाही, ग्रामपंचायत आहे, त्यामुळे जमीन बिगरशेती (एनए) असल्याचे कागद, मंजूर लेआउट आणि महारेरा नंबर (प्रोजेक्टची सरकारी नोंदणी) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका आणि पाणी कुठून येतं ते लेखी घ्या, टँकर असेल तर रेट कमी का आहे ते लगेच कळेल. जेल रोडच्या सोसायटीत पण कन्व्हेयन्स झालंय का विचारा, जमीन अजून जुन्या बिल्डरच्याच नावावर असेल तर रिडेव्हलपमेंटची बोलणी वर्षानुवर्षं बोलणीच राहतात. पाण्याचं इकडेही आहेच, चेहेडीला दारणा नदीचं पाणी उचलतात आणि वालदेवी नदीची घाण त्यात येते, उन्हाळ्यात वास मारतो, चांगला फिल्टर लावा. मिस्टर कारने जाणार असतील तर वाटेतला शिंदे टोलनाका महिन्याच्या हिशोबात धरा.

गोदाकाठ_एकलहरे
वरच्या सगळ्यांनी एकलहरे एकदम काटच मारली, तसं नाहीये. इथल्या कोळशावरच्या पॉवर हाऊसमध्ये 140 मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले पण 210 चे तीन आहेत, रेल्वेचं ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे, म्हणजे नोकरदार वस्ती आहे. झाडी भरपूर, मुलांना मोकळं खेळता येतं, आम्ही इथे सुखाने राहतो. राखेचा त्रास मात्र लपवणार नाही, वारं फिरलं की खिडकीच्या कठड्यावर थर बसतो, सासूबाईंना दमा असेल तर इकडे येऊच नका. मेमध्ये दुपारी एकदा येऊन गच्चीवर हात फिरवून बघा.

मनीषा_कल्याणकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे एकलहरे सोडलं. घरी बोलणं झालं, विकत घ्यायचं नाहीच सध्या, जेल रोडला 11 महिने भाड्याने राहून पाण्याचं आणि त्या सोसायटीच्या कागदांचं बघतो. @प्रेसची_पोर ताई, तुमच्या गल्लीत तळमजल्याला दोन खोल्या मिळतील का कुठे? जिना नको आहे. आणि डिपॉझिट साधारण किती मागतात?

प्रेसची_पोर
आमच्या मागच्या लाईनला एका रिटायर काकांचं रो हाऊस आहे, खालचा भाग रिकामा आहे, फॅमिलीलाच देणार म्हणतात. डिपॉझिटचं उद्या त्यांनाच विचारते आणि मेसेज करते, रविवारी सासूबाईंना घेऊनच या, त्यांनी बघितलेलं बरं.