केशवराव भोसले नाट्यगृह जसेच्या तसे उभारावे का?

तापीकाठ : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, त्याचे दुःख मलाही आहे. परंतु ते होते तसेच उभारण्याचा आग्रह पटत नाही. जे लाकूड एका रात्रीत खाक झाले, तेच पुन्हा चढवण्यात शहाणपण कोणते? शिवाय आपल्या खान्देशाचा त्या वास्तूशी संबंध काय?

गिरणेची लेक : आप्पा, "संबंध काय" हे वाचून राहवले नाही. लहानगा नारायण राजहंस, म्हणजेच पुढचे बालगंधर्व, जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकला. पुढे त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाले ते शाहू महाराजांमुळे, आणि १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला तोही त्यांच्याच आधाराने. त्याच महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले. पुढे ज्यांचे नाव त्याला मिळाले ते गायक-नट केशवराव आणि आपले बालगंधर्व ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांच्या नाटक मंडळ्यांच्या संयुक्त 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले, आणि तीनच महिन्यांत केशवराव गेले. आग लागली तीही त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अशा वास्तूला परकी कसे म्हणता?

मी तिथे शेवटच्या रांगेत बसून संगीत नाटक पाहिले आहे. नांदीपूर्वी सगळे शांत झाले, तेव्हा पायपेटीच्या भात्याचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला. तो आवाज नव्या सिमेंटच्या पेटीत ऐकू येईल का?

सातपुडा : ताई, भाता ऐकू आला असेल, पण आज माइकशिवाय गाणारा नट दाखवा. ध्वनिव्यवस्था चांगली असली की भिंती कशाच्याही चालतात.

गिरणेची लेक : हेच ऐकून ऐकून आम्ही बधिर झालो! आमच्या तालुक्याच्या गावी एका सभागृहात पदाच्या ऐन तानेत कर्णा किंचाळला, वरून पावसाने पत्रा वाजू लागला, आणि गायिका डोळे मिटून तशीच गात राहिली. मी रडले होते. माइक आला म्हणून खोलीचा नाद सांभाळायचाच नाही, या समजुतीने गाण्याचे वाटोळे केले.

सातपुडा : रडून ध्वनिशास्त्र सिद्ध होत नाही. त्या काळचे गवय्ये उघड्या मांडवातही शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत. ते श्रेय गळ्याचे होते. लाकडाला ते कशाला देता?

चाळीसगावकर : भाऊ, गळा आणि जागा यांची फारकत करू नका. माझे वडील भजनी मंडळात गात. तोच मृदंग विठ्ठलमंदिराच्या लाकडी सभामंडपात घुमे आणि नव्या स्लॅबखाली ठणठणत असे. आवाज अंगावर येऊ लागला, म्हणून त्यांनी शेवटी त्या स्लॅबच्या मंडपात जाणेच सोडले.

तापीकाठ : मूळ प्रश्न आगीचा होता, तो तुम्ही माइकवर नेऊन ठेवलात. तरीही लिहितो. बालगंधर्वांचा दुवा मला माहीत नव्हता आणि "संबंध काय" हे मी लिहायला नको होते. आतील लाकूडकाम आणि ध्वनी जपून छतासाठी पोलाद वापरावे, तारा व आगविझवणीची सोय नव्याने करावी, एवढ्यावर माझी हरकत नाही. मात्र जळगावात, जिथे बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, तिथल्या रसिकांनी स्वतःच्या गावातील सभागृहाच्या आवाजासाठीही इतक्याच तावाने भांडावे.

गिरणेची लेक : पोलादाचे तुम्ही म्हणता ते मान्य. सभागृहाच्या मागणीचा अर्ज मी लिहिते, त्याखाली पहिली सही तुमची हवी.